पांजरापोळाच्या दारीं

आमच्या लहानपणीं एखादा निरुद्योगी पाहुणा घरांत महिनाभर मुक्काम ठोकून बसला, कीं आजोबा माजघरांत येऊन हळूच म्हणत, “हें घर आहे कीं पांजरापोळ ?” पांजरापोळ म्हणजे काय, हें आम्हांस त्या वेळीं ठाऊक नव्हतें. ज्यांचा कोणास उपयोग उरला नाहीं अशांनीं राहावयाची जागा, एवढा अर्थ मात्र आजोबांच्या स्वरावरून कळे. पुढें पन्नास वर्षें गेलीं, मुंबईस शेंकडों खेपा झाल्या, तरी भुलेश्वराजवळचें मूळ पांजरापोळ पाहण्याची बुद्धि आम्हांस कधीं झाली नाहीं. ती गेल्या वैशाखांत झाली. आणि तीहि धर्मबुद्धीनें नव्हे, तर एका कुत्रीची सोय लावावयाची होती म्हणून झाली.

पुण्यास आमच्याच इमारतींत दुसऱ्या मजल्यावर एक सुशिक्षित व सुखवस्तु कुटुंब राहत असे. २०२० सालच्या टाळेबंदींत मुलीस शाळा नाहीं, खेळावयास सोबत नाहीं, म्हणून त्यांनीं लॅब्रॅडॉर जातीचें एक पिल्लूं विकत आणिलें. चॉकलेटाच्या रंगाचें, म्हणून त्याचें नांव कोको. आमच्या मातोश्रींच्या तोंडांत तें नांव बसेना. त्यांनीं तिची कोकिळा केली. पांच वर्षें ती मुलगी आणि ती कुत्री जिन्यावरून बरोबरच धांवत असत. मग गृहस्थांस परदेशीं नोकरी लागली. सामानाच्या पेट्या गेल्या, माणसें गेलीं. कोको एका स्नेह्याच्या मळ्यावर पाठविली, असें मुलीला सांगण्यांत आलें. आम्हांसहि तेंच सांगण्यांत आलें.

चौथ्या दिवशीं पहाटे नेहमींप्रमाणें पर्वतीकडे फिरावयास गेलों, तों पायथ्याजवळ एका लोखंडी कठड्यास कोको बांधलेली ! दोरी नवी होती. पुढ्यांत बिस्किटांचा पुडा होता, आणि तो फोडून ठेविलेला होता. ज्यानें तिला तेथें बांधलें, त्याच्यापाशीं तेवढी माया शिल्लक होती. तिनें एकहि बिस्किट खाल्लें नव्हतें. आमचा आवाज ओळखून ती उठली, पण शेंपूट हालविण्यापूर्वीं तिनें आमच्या मागें कोण येत आहे तें पाहिलें. कोणीच येत नव्हतें.

तिला घरीं आणिलें खरें. परंतु ठेवावयाचें कसें? घर तीन खोल्यांचें. मातोश्रींचें सोवळें. आषाढांतल्या काशीयात्रेचीं तिकिटें काढून झालेलीं. दाराबाहेर स्कूटरचा आवाज झाला, कीं कोको उंबऱ्याशीं जाऊन उभी राही आणि आवाज दूर गेला कीं परत येऊन निजे. तीन आठवडे हें पाहून आम्ही अगदीं कंटाळून गेलों. सौभाग्यवतींनीं मात्र बरें-वाईट कांहींच मत दिलें नाहीं. अखेर एका मित्रानें सुचविलें, “मुंबईस जाऊन पाहा. तेथें पांजरापोळ आहे, परळास जनावरांचा मोठा दवाखाना आहे. कोठें तरी सोय लागेल.” सोय हा शब्द आम्हांस फार आवडला. कोकोस घरीं ठेवून आम्ही सकाळच्या दख्खनच्या राणीनें मुंबईस निघालों.

बोरीबंदराचें नांव आतां छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस झालें असलें, तरी आमच्या पिढीचे पाय बोरीबंदरावरच उतरतात. तेथून क्रॉफर्ड मार्केट मागें टाकून काळबादेवीच्या गर्दींतून भुलेश्वराकडे वळलें, कीं दोन्ही हातांस फुलांचे ढीग, बांगड्या, खोटे दागिने, लग्नाचीं वस्त्रें आणि मिठाई यांचीं दुकानें लागतात. सी. पी. टँकच्या या भागांत माधवबाग आहे, लक्ष्मीनारायणाचें देऊळ आहे, आणि त्यांच्या शेजारींच, मनुष्यास उभें राहावयास जागा मिळूं नये अशा या वस्तींत, गाईगुरांस बसावयास ऐसपैस जागा आहे. बाहेरचा गोंगाट मागें पडतो न पडतो, तों शेणाचा व ओल्या चाऱ्याचा वास येतो आणि आपण एखाद्या खेड्याच्या गोठ्यांत आलों कीं काय असें वाटूं लागतें. आज तेथें मुख्यत्वें गाई दिसतात. पहाटेपासून व्यापारी, गृहिणी, शाळकरी मुलें येतात. चाऱ्याची पेंढी विकत घेतात, गाईच्या मुखीं घालतात, हात जोडतात आणि आपापल्या कामास जातात.

पण या गाईंच्या घराचा पाया कुत्र्यांच्या निमित्तानें घातला गेला, ही गोष्ट पेंढी चारणाऱ्यांपैकीं फारच थोड्यांस ठाऊक असेल. मुंबईंत मोकाट कुत्रीं फार झालीं, म्हणून तीं ठराविक महिन्यांत मारावींत असा कंपनी सरकारचा नियम १८१३ पासून होता. १८३२ सालीं ती मुदत वाढविण्यांत आली आणि कुत्र्यामागें आठ आणे बक्षीस चालूं होतें. आठ आण्यांच्या लोभानें मारेकरी लोकांच्या आवारांत शिरून पाळीव कुत्रींहि मारूं लागले. पारशी धर्मांत कुत्र्याचें स्थान थोर आहे. मृताच्या देहावर कुत्र्याची दृष्टि पाडण्याचा, म्हणजे सगदीदचा, त्यांचा विधि आहे. १८३२ च्या ६ जूनला त्यांच्या सणाच्या दिवशींच ही मारहाण चाललेली पाहून कोटांतले पारशी खवळले व शिपायांवर धांवून गेले. दुसऱ्या दिवशीं बाजार बंद पडला. हिंदु, जैन, मुसलमानहि त्यांस मिळाले. सरकारास लष्कर बोलवावें लागलें. मुंबईच्या इतिहासांत दंगे पुष्कळ झाले. पण सर्व जातींचे लोक एका बाजूस, आणि तेहि कुत्र्यांसाठीं, असा हा एकच असावा. दंगा शमल्यावर शहाणीं माणसें विचारास लागलीं. नुसतें मारूं नका म्हणून भागत नाहीं, मग त्या जीवांस ठेवावयाचें कोठें ? त्या प्रश्नाचें उत्तर म्हणून १८३४ सालीं जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांनीं हें पांजरापोळ स्थापन केलें. एक पारशी, एक जैन. आणि त्यांच्या मागें सर्व धर्मांचे व्यापारी.

हा इतिहास मनांत घोळवीत आम्ही दाराशीं उभे होतों. चाऱ्याच्या पेंढ्या घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईनें विचारलें, “पेंढी देऊं का, बाबा ?” आम्ही पेंढी घेतली, आणि बोलण्याच्या ओघांत येण्याचें कारणहि सांगितलें.

“कुत्री चावती का ?” बाईनें विचारलें.

“नाहीं.”

“मग आजारी हाय ?”

“नाहीं, धडधाकट आहे.”

“मग सोडताय कशाला ?”

“ती आमची नव्हे,” आम्ही घाईनें म्हणालों. “दुसऱ्यांनीं टाकलेली आहे.”

“आता तिला खायला कोण घालतंय ?”

“आम्हीच.”

बाईनें आमच्याकडे एकवार पाहिलें आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाची पेंढी सोडूं लागली. कचेरींत जाऊन चौकशी करावी म्हणून आम्ही पुण्याहून आलों होतों; पण पेंढी गाईपुढें टाकून आमचे पाय दाराकडे वळले.

तरीहि मनाची तयारी अर्धीच होती. चर्नी रोडहून लोकल धरून आम्ही परळास आलों. तेथें मनुष्यांच्या मोठमोठ्या रुग्णालयांच्या शेजारींच पशूंचें रुग्णालय आहे. सर दिनशा माणेकजी पेटिट यांनीं आपल्या पत्नीच्या नांवानें उभारलेलें हें बाई साकरबाई रुग्णालय १८८३ सालचें. त्याच्या लगत १८८६ सालीं पशुवैद्यकाचें महाविद्यालय निघालें. आम्ही पोहोंचलों तेव्हां एक हातगाडी दाराशीं थांबली. गाडीवर गोणपाट, गोणपाटावर मोटारीखालीं सांपडलेला एक गांवठी कुत्रा, आणि गाडीभोंवतीं घामानें भिजलेले चार हमाल. “कुत्रा कोणाचा ?” असें कोणीतरी विचारलें. “कोणाचा म्हणजे ? आमच्या गल्लीचा !” एक हमाल उत्तरला. बोलतां बोलतां तो आपल्या टॉवेलानें त्याच्या डोळ्यांवरच्या माशा वारीत होता.

तें दृश्य आमच्या डोळ्यांपुढून अद्यापि हलत नाहीं. ज्याला आपण बेवारशी म्हणतों, त्याला चार मालक होते. आणि जिला हजारों रुपये मोजून आणिलें, ती कठड्यास बांधलेली होती. यांत आणखी एक गोष्ट आहे. गल्लींतला कुत्रा गल्लींतच वाढतो. कोणत्या दारीं भाकरी मिळते, कोणत्या कोपऱ्यापुढें जावयाचें नाहीं, मोटार कशी चुकवावी, हें तो पिल्लूं असतांनाच शिकतो. सरकारी नियमांनींहि, पहिल्यानें २००१ सालीं व नंतर २०२३ सालीं, हेंच तत्त्व धरलें आहे. त्यांचें निर्बीजीकरण करावें, त्यांस पिसाळरोगाची लस टोंचावी आणि जेथून उचललें तेथेंच परत सोडावें. घरांतल्या गादीवर वाढलेल्या कुत्र्यास यांतलें कांहींच येत नाहीं. तें अन्न हुडकूं शकत नाहीं, रस्ता ओलांडूं शकत नाहीं, आणि परक्या हद्दींत शिरलें कीं तेथलीं कुत्रीं त्यावर तुटून पडतात. ‘मोकळें सोडलें, जगेल कोठें तरी’ असें म्हणणारा मनुष्य स्वतःस फसवितो. २०२० सालीं जनावरांपासून साथ पसरते अशी खोटी अफवा उठली, तेव्हांहि कित्येकांनीं घरचीं कुत्रीं-मांजरें अशींच रस्त्यावर काढलीं.

उपासमार होईल अशा स्थितींत जनावर टाकून देणें हा १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्यानें अपराध आहे. त्या कायद्यानें पहिल्या अपराधास दंड ठरविला तो दहा ते पन्नास रुपये. बिस्किटांच्या एका मोठ्या पुड्याची ती किंमत ! अर्थात् कायद्याच्या भयानें कोणी जनावर संभाळील, ही आशा व्यर्थ आहे.

संध्याकाळच्या गाडींत खिडकीशीं बसल्यावर धर्मराजाची गोष्ट आठवली. स्वर्गाच्या दारीं ज्या कुत्र्यासाठीं त्यानें रथांत बसण्याचें नाकारलें, तें कुत्रें त्यानें पाळलेलें नव्हतें; हस्तिनापुराहून तें आपण होऊनच मागें लागलें होतें. आश्रयास आलेल्याचा त्याग ब्रह्महत्येच्या तोडीचा, हें त्याचें उत्तर आपण कीर्तनांत मान डोलवून ऐकतों. वैश्वदेवाच्या वेळीं यमाच्या श्याम-शबल श्वानांस बलि काढून ठेवण्याची चालहि आपल्याच घरांतली. आणि आज सकाळपासून आम्ही काय करीत होतों ? शेजाऱ्यांनीं कठडा पाहिला, आम्ही पांजरापोळ पाहात होतों. आमची दोरी अधिक पुण्याची होती, एवढेंच. ज्या संस्था मारल्या जाणाऱ्या जीवांसाठीं निघाल्या, त्यांच्या दारीं धडधाकट जनावरें सोडून आपण आपली सोय करून घेतों, आणि वर पेंढीचें पुण्यहि जोडतों.

घरीं पोहोंचलों तेव्हां रात्रीचे दहा वाजून गेले होते. कोको जिन्यांत बसली होती. आमच्या मागें कोणी येत आहे कीं काय तें तिनें या वेळींहि पाहिलें. पण आधीं शेंपूट हालविलें. “मिळाली का जागा ?” सौभाग्यवतींनीं विचारलें. आम्ही म्हणालों, “काशीचीं तिकिटें बदलून घ्यावीं म्हणतों. दोघांनीं एकदम जाण्यापेक्षां पाळीपाळीनें जाऊं.” आंतून मातोश्री म्हणाल्या, “माझ्या देवघरांत मात्र येतां कामा नये.” यावर अधिक चर्चा झाली नाहीं.

पुढच्याच आठवड्यांत परदेशांतून त्या मुलीचा फोन आला. मळा कोठें आहे, तेथें कोकोला पोहावयास विहीर आहे का, असें ती विचारीत होती. आईबापांस खोटें पाडणें आमच्या जिवावर आलें, आणि मुलीशीं खोटें बोलणें त्याहून जिवावर आलें. “कोको आमच्याकडे आहे,” एवढेंच आम्ही सांगितलें. पलीकडे बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग ती म्हणाली, “काका, तिला माझा आवाज ऐकवा.” आम्ही फोन कोकोच्या कानाशीं धरला. ती उठून दाराशीं जाऊन उभी राहिली.

वाचकहो, मुलांच्या हट्टासाठीं पिल्लूं घरीं आणण्यापूर्वीं एक हिशेब अवश्य करावा. तें बारा-तेरा वर्षें जगतें. त्या अवधींत आपली बदली होईल, मुलें मोठीं होतील, घरांत आजारपण येईल, आणि तें स्वतः म्हातारें होईल. या सर्वांत त्यास जागा असेल तर आणावें, नाहीं तर आणूं नये. दारच्या कुत्र्यास रोज चतकोर घालावी, तेवढ्यानेंहि मुलांस जिव्हाळा कळतो. कोको आतां स्कूटरच्या आवाजास पूर्वींइतकी उठत नाहीं. पण क्वचित् उठते, आणि त्या वेळीं आम्ही तिला हांक मारीत नाहीं. ती आपण होऊन परत येईपर्यंत दार उघडें ठेवतों.