कारवानी की पश्मी

बाबांनी एकट्यानं जागलीला जायचं नाही, यावर घरात सगळ्यांचं एकमत होतं. फक्त बाबांचं नव्हतं. काटोल तालुक्यात आमचं सात एकर वावर. चार एकरांत संत्रा, बाकीच्यात तूर, सोयाबीन आणि हिवाळ्यात हरभरा. हरभऱ्याला घाटे धरले की रोही उतरतात. शहरातले लोक त्यांना नीलगाय म्हणतात, म्हणून त्यांची पूजा करावीशी वाटते. आमच्याकडे शिव्याच बसतात. तुरीत डुकरं येतात ती वेगळीच. मी नागपूरला नोकरीला, गावी जाणार शनिवारी. इकडे सत्तरी ओलांडलेला माणूस माळ्यावर रात्रभर पत्र्याचा डबा वाजवत बसलेला. पिकाचं निमित्त होतं. आई गेल्यापासून त्यांना घरात झोप येत नव्हती, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही बोलत नव्हतो.

जागल बंद होणार नव्हती. मग सोबतीला कुत्रं तरी असावं, असं मीच काढलं.

"कुत्रं पायजे तं कारवानीच," बाबा म्हणाले. विचार करावा लागलाच नाही त्यांना. त्यांच्या लहानपणी आजोबांकडे एक होता. निमुळतं तोंड, खोल छाती, पोट पाठीला लागलेलं. ससा उठला की कुत्रं दिसायचं नाही, नुसती धूळ दिसायची, असं ते सांगतात.

माझ्या मुलाचं मन मात्र पश्मीवर गेलं होतं. अंगकाठी तीच, पण कान, शेपूट आणि पायांच्या मागच्या बाजूला रेशमासारखे लांब केस. पश्म म्हणजे फारसीत लोकर, पश्मीना त्यातलीच. काही जाणकार हिला वेगळी जात मानतात, काही कारवानीचाच केसाळ प्रकार म्हणतात. त्या वादात आम्ही पडलो नाही. कारवानीलाच कर्नाटकात मुधोळ म्हणतात. मुधोळच्या घोरपडे राजांनी ही कुत्री इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला भेट दिली, असं सांगतात. २००५ साली पोस्टानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होता. पश्मीला तसं नाव मिळालं नाही. शुद्ध पिल्लू मिळवायला आजही ओळखीपाळखी काढाव्या लागतात, आणि पोराला नेमकं तेच आवडलं होतं: जे कोणाकडे नाही ते.

मला काळजी दुसरीच होती. ही दोन्ही जनावरं शिकारीसाठी घडवलेली. वासानं माग काढत नाहीत, नजरेनं शिकार धरतात. समोर काही पळालं की मग हाक ऐकू येत नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नाही. कुत्रं मागे लावून पाठलाग करणं, हाकणं, तसा प्रयत्न करणंही त्यात येतं. सशालाही संरक्षण आहे. म्हणजे शेकडो वर्षं या कुत्र्याला ज्यासाठी पोसलं, तेच काम आता गुन्हा. बाबांना मी हे वाचून दाखवलं. त्यांनी तंबाखू मळत सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मी काई ससा मारत नाई आता. पन त्याले धावाले तं लागनच ना?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात एका डॉक्टरांना विचारलं. त्यांनी आधी आमचा गैरसमज दूर केला. डुकरावर हे कुत्रं सोडायचं नाही. कातडी पातळ असते, सुळ्याचा एक फटका बसला की पोट फाटतं. अंगावर चरबी नाही, म्हणून डिसेंबरच्या रात्री पोतं पांघरायला हवं. ऑपरेशनची वेळ आली तर भूल जपून द्यावी लागते, हे समोरच्या डॉक्टरला आठवणीनं सांगायचं. आणि शेजाऱ्याच्या बकऱ्यांची सवय पिल्लूपणीच लावायची. "राखणीला साधं गावठी कुत्रं याच्यापेक्षा बरं," हेही सांगून टाकलं. खरं होतं ते. पण बाबांना राखण नको होती, कारवानी हवा होता.

शेवटी मराठवाड्यात एका पाळणाऱ्याकडे आम्ही तिघं गेलो. त्याच्याकडे दोन्ही होती. पश्मीचं पिल्लू देखणं, मुलाच्या मांडीवरून उतरेना. बाबा खाली बसले, त्याच्या आईचा कान हातात घेऊन केस विंचरल्यासारखे बोटांनी उलगडत राहिले. आतून तीन गोचिड्या निघाल्या आणि एक कुसळ, कातडीत शिरायच्या बेतात.

"हे इथं, यायच्या अंगनात," बाबा म्हणाले. "आपल्या धुऱ्यावर दिवाळीनंतर कुसळाशिवाय काई उगवत नाई. रोज संध्याकाळी हे कोन काढन? तू शाळेत, तुह्या बाप नागपुरात. अन् मले आता चष्म्यानंई दिसत नाई."

पोरगं काही बोललं नाही. पिल्लू त्यानं स्वतःच खाली ठेवलं. गाडीत तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मांडीवर कारवानीची मादी होती, फिक्या बदामी रंगाची, आणि एक हात तिच्या पाठीवर होता. नाव त्यानंच ठेवलं, पश्मी. बाबांना ते अजून पटलेलं नाही. ते तिला नुसतं "बाई" म्हणतात.

रोही येतातच. बाई माळ्याखाली पोतं पांघरून झोपते आणि भुंकायचं काम बाबाच करतात. पण मध्यरात्री मी फोन केला की आता ते लगेच उचलतात, आणि आवाज बोलत असलेल्या माणसाचा असतो. कोणाशी बोलत होतात, असं मी विचारत नाही.

धावण्याचा प्रश्न त्यांनी स्वतःच सोडवला. सोयाबीन निघाल्यावर रान मोकळं झालं. एका रविवारी सकाळी पाहतो तर बाबा जुन्या लुनावर, मागे लांब दोर, दोराच्या टोकाला चिंध्यांचं गाठोडं. पोरानं बाईचा पट्टा सोडला. गाठोडं ढेकळांवरून उसळत होतं आणि तिचे चारही पाय एका क्षणी जमिनीवर नव्हते. लुना फुटफुट करत धुऱ्यापर्यंत गेली, बाबांनी वळवली, मान मागे करून ओरडले, "दिसून रायली का रे?"

"नाही आबा," पोरगं ओरडलं, "नुसती धूळ!"