सोनेरी फेझंट आणि खान्देशचं ऊन

एरंडोलच्या घराच्या धाब्यावर मी पहिला पिंजरा बांधला, तेव्हा मनात एकच हिशेब होता. पक्षी रंगीत आहे, तर त्याला भरपूर उजेड हवा. जोडी आणली होती गोल्डन फेझंटची. नराच्या डोक्यावर पिवळ्या रेशमाचा तुरा, मानेभोवती काळ्या रेघांचा नारिंगी पदर, छाती-पोट लालभडक आणि अंगाच्या दुप्पट लांब शेपूट. संध्याकाळी गल्लीतली मंडळी बघायला धाब्यावर यायची. एक बाबा बराच वेळ निरखून म्हणाले, "हाई कोंबडी शे का मोर शे?"

वैशाख संपता संपता नराची छाती विटकरी झाली, तुरा वाळक्या गवतासारखा दिसू लागला. मी घाबरून जंताचं औषध दिलं, व्हिटॅमिन पाण्यातून पाजलं. रोग नव्हताच. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि त्या उन्हानं पिसांचा रंग उडाला होता. पूर्ण वाढलेलं पीस म्हणजे निर्जीव वस्तू. त्याचा रंग औषधानं परत येत नाही. पावसाळ्यात जुनी पिसं झडून नवी येईपर्यंत त्या फिकट नराकडे मी रोज खाली मान घालून बघायचो.

त्यानंतर मी हा पक्षी मुळात राहतो कुठे, याचा शोध घेतला. मध्य आणि पश्चिम चीनच्या डोंगरांतली दाट झाडी, बांबूची बेटं, जमिनीलगतची काटेरी झुडपं हे त्याचं घर. लिनियसनं १७५८ साली त्याच्या शास्त्रीय नावात 'पिक्टस', म्हणजे रंगवलेला, हा शब्द घातला. चीनच्या दरबारात दुसऱ्या दर्जाच्या मुलकी अधिकाऱ्याच्या छातीवर हाच पक्षी भरतकामात असे. इतका मान मिळालेला हा पक्षी रानात मात्र सहसा नजरेला पडत नाही. उडण्यापेक्षा पळून झाडोऱ्यात शिरणं त्याला आवडतं. सगळा झगमगाट त्यानं अंधारात जपलेला. माझ्या धाब्यावरचा पिंजरा त्याच्या स्वभावाच्या नेमका उलटा होता.

दुसरं पक्षीघर मी मागच्या अंगणात, निंबाखाली बांधलं. छतावर दुहेरी शेडनेट, पश्चिमेला ज्वारीच्या कडब्याची भिंत, उन्हाळ्यात तिच्यावर ओलं गोणपाट. आत करवंदीची झुडपं लावली आणि एका कोपऱ्यात कोरडी बारीक माती टाकली, कारण रोज मातीत लोळल्याशिवाय त्यांची पिसं साफ राहत नाहीत. छताला कडक जाळी मुद्दाम टाळली. फेझंट दचकला की सरळ वर उसळतो. लग्नाच्या वरातीतला एक फटाका पुरतो, आणि कडक जाळीवर त्याचं डोकं फुटतं. म्हणून वर मऊ नायलॉनची जाळी ताणली. मुंगूस उकरून आत शिरू नये म्हणून खाली दोन फूट खोल पत्रा गाडला. या घरात आलेला माणूस पहिली पाच मिनिटं रिकाम्या झुडपांकडेच बघत राहतो. मला ते पटतं. पक्ष्याला लपता आलं, तरच तो निवांत होतो, आणि निवांत नरच पदर चेहऱ्यावरून पंख्यासारखा उलगडून मादीभोवती गिरक्या घेतो.

मादीबद्दल कोणी विचारत नाही. ती तपकिरी, आडव्या पट्ट्यांची, पाचोळ्यात बसली तर मलाही दिसत नाही. पण घर तिच्यासाठी बांधायचं असतं. नर फार मागे लागला तर तिला पळून जायला आडोसे हवेत. आठ ते बारा अंडी, बावीस-तेवीस दिवसांची उबवण. माद्या पिंजऱ्यात नेहमी बसतीलच असं नाही, तेव्हा मी खुडूक कोंबडी बसवतो. मात्र ती कोंबडी आधी जंतमुक्त केलेली आणि वेगळ्या जागेतली असते. कोंबड्यांच्या पोटातल्या जंतांबरोबर एक आजार येतो. कोंबडी तो बहुधा पचवते, फेझंट त्यानं मरू शकतो. पिल्लांना पहिल्या आठवड्यात वाळवीसारखं दुसरं अन्न नाही.

नवापूरचं नाव काढलं की आम्हा पक्षी पाळणाऱ्यांच्या पोटात अजून गोळा येतो. २००६च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू तिथे सापडला, मार्चमध्ये तो आमच्या जळगाव जिल्ह्यात आला. २०२१ साली नवापुरात पुन्हा तेच. तेव्हापासून चपला बदलल्याशिवाय मी कोणालाही आत सोडत नाही, सख्ख्या भावालाही नाही.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगतो. लेडी ॲमहर्स्ट फेझंटशी गोल्डन फेझंटची जोडी लावू नका. लॉर्ड ॲमहर्स्ट बंगालचे गव्हर्नर जनरल होते. त्यांच्या पत्नीनं १८२८ मध्ये तो पक्षी लंडनला पाठवला, म्हणून हे नाव पडलं. या दोघांची संकरित पिल्लं पुढे प्रजननही करतात, म्हणूनच भेसळ पिढ्यान्‌पिढ्या चालते. बाजारात ती 'नवीन रंग' म्हणून विकली जातात. हे मला चुकीचं वाटतं. ज्याच्या रानाला आपण काहीच देऊ शकत नाही, त्याचं रक्त तरी शुद्ध ठेवावं.

कधीतरी पहाटे जवळच्या पद्मालयाला जातो. तळ्याच्या मागच्या रानातून मोराची हाक येते. मोरही फेझंटच्याच कुळातला, १९६३ पासून आपला राष्ट्रीय पक्षी. त्याला पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे, आणि तो कायदा मला मनापासून मान्य आहे. त्याचं रान अजून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आहे.

माझ्याकडे यायचं असेल तर उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत या. बोलू नका, जाळीला हात लावू नका. नर बाहेर आला नाही, तर त्याला हाकलून दाखवा असं मला म्हणू नका. पुन्हा कधीतरी या.