खेळाला अभिजात कृती हवीच का?

व्हिडिओ गेम ही कला आहे की नाही, हा वाद आता जुना झाला. त्याच्या पोटी जन्मलेला दुसरा प्रश्न मात्र अजून जिवंत आहे. चित्रपटाला 'सिटिझन केन' लाभला, तसा गेमला कोणता लाभला? आणि लाभला नसेल, तर हे माध्यम वयात आले असे कसे म्हणावे? अमेरिकी चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्ट यांनी २००५ मध्ये असे मांडले होते, की गेम खेळणाऱ्याच्या निवडीवर चालतो आणि थोर कलेला तर लेखकाचा अंमल लागतो. २०१० मध्ये त्यांनी गेम कधीच कला होऊ शकणार नाहीत, असा निर्वाळाही दिला. गमतीचा भाग असा, की गेमचे कैवारीही ही कसोटी मनोमन मान्य करूनच वाद घालत आले. २०१३ मध्ये 'द लास्ट ऑफ अस' हा गेम आला, तेव्हा 'हाच आमचा केन' असे म्हणणारे निघालेच.

या कसोटीतच काही खोट आहे, असे मला वाटते. ती पाहण्यासाठी आधी खुद्द 'केन'चा इतिहास पाहावा. ऑर्सन वेल्स यांचा हा चित्रपट १९४१ साली आला आणि धंद्यात बसला. नऊ ऑस्कर नामांकनांपैकी पटकथेचे एक पारितोषिक तेवढे त्याच्या वाट्याला आले. युद्धामुळे फ्रान्समध्ये तो १९४६ पर्यंत पोहोचलाच नाही. पोहोचल्यावर आंद्रे बाझँ यांच्यासारख्या समीक्षकांनी त्यावर लिहिले, भांडणे केली. ब्रिटनच्या 'साइट अँड साउंड' मासिकाने १९५२ मध्ये जगभरच्या समीक्षकांचा पहिला कौल घेतला, त्यात पहिल्या दहांतही तो नव्हता. १९६२ मध्ये तो पहिला आला आणि २००२ पर्यंत पहिलाच राहिला. २०१२ मध्ये 'व्हर्टिगो'ने आणि २०२२ मध्ये शांताल आकेरमन यांच्या 'जान दीलमन'ने त्याला मागे सारले. या काळात चित्रपटातली एक चौकटही बदलली नव्हती. बदलत गेले ते त्याच्याकडे पाहणारे. म्हणजे अभिजात कृती जन्माला येते हे अर्धेच खरे. ती घडवली जाते, आणि घडवणाऱ्यांत प्रेक्षक, समीक्षक, मासिके, फिल्म सोसायट्या आणि चित्रफिती जपणारे असे अनेक हात असतात.

हे समजून घ्यायला आपल्याला हॉलिवूडला जाण्याची खरे तर गरज नाही. मी ज्या भातकुली तालुक्यात राहतो, त्याच अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठी गद्याचा आरंभ म्हणून आज आपण त्याच्याकडे बोट दाखवतो. पण पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला हा ग्रंथ कितीतरी शतके ठाऊकच नव्हता. महानुभावांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत बंद करून ठेवले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा केला, पुढे ह. ना. नेने यांनी संपादन केले आणि १९७८ मध्ये वि. भि. कोलते यांची आवृत्ती आली. तोवर मराठी गद्याला पाया नव्हता काय? होता, फक्त त्याला पाया म्हणणारा वाचकवर्ग तयार झालेला नव्हता. आणि पंथाच्या आतला वाचक मात्र तो ग्रंथ निष्ठेने नकलून, पाठ करून जपत होता. मूळ पोथी धाडीत गेली आणि ग्रंथ स्मरणाच्या आधारे पुन्हा उभा केला, असे परंपरा सांगते. म्हणूनच त्याचे निरनिराळे पाठ आढळतात. एकच एक, अंतिम, लेखकाच्या अंमलाखालची संहिता नसतानाही आपण त्याला अभिजात म्हणतो. ईबर्ट यांच्या आक्षेपाला याहून सरळ उत्तर मला सुचत नाही.

शिवाय 'लीळा' या शब्दाचा अर्थच मुळी क्रीडा.

हा सगळा विचार मला करावा लागला तो एका विद्यार्थ्यामुळे. मराठी विषय घेऊन एम. ए. करणारा हा मुलगा जवळच्याच एका खेड्यातून एसटीने येतो. संशोधन प्रकल्पासाठी त्याने विषय मांडला : मोबाइलवरचा 'बीजीएमआय' हा गेम खेळताना गावातली मुले जे बोलतात, त्या बोलण्याचा अभ्यास. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्याला विचारले, "आधी या माध्यमाने आपले एखादे 'लीळाचरित्र' दाखवावे, मग त्यावर प्रकल्प करू. बंदुकीच्या खेळात साहित्य कुठले आले?" प्रश्न उपहासाने विचारलेला नव्हता. ज्या पिढीने मराठी हा विषय विद्यापीठात सन्मानाने उभा राहावा म्हणून आयुष्य वेचले, तिला दर्जाची काळजी असणारच. पण मुलाच्या दृष्टीने पणाला लागले होते ते निराळेच. त्याचे नि त्याच्या मित्रांचे रोजचे तीन-तीन तास अभ्यासाच्या लायकीचे आहेत की नाहीत, याचा निकाल त्यात होता.

त्याच्या टिपणवहीत मी पाहिले ते असे. शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात, सुरक्षित वर्तुळ आकुंचन पावत जाते, अखेरीस एकच खेळाडू किंवा एकच चमू उरतो. या परदेशी नकाशावर चार भिडू कानाला हेडफोन लावून वऱ्हाडीत ओरडत असतात : "झोन येऊन रायला बे, पय!" 'पळ'चा 'पय' होतो, तो रशियन नावाच्या एका गावात. कोण कोणाला वाचवायला मागे फिरला, कोणी भिडूला सोडून पळ काढला, याचे किस्से दुसऱ्या दिवशी पारावर सांगितले जातात आणि सांगताना फुलवले जातात. सांगणाऱ्यागणिक पाठभेद होतात. म्हाइंभटही गावोगाव हिंडून लोकांच्या तोंडचे बोलच गोळा करत होते, हे त्या वेळी आठवले नसते तरच नवल.

दोन्हींची थोरवी सारखी आहे, असे मला म्हणायचे नाही. चक्रधरांच्या एखाद्या लीळेतली करुणा आणि गेममधली एक फेरी यांना एका तराजूत घालण्याचे कारण नाही. माझे म्हणणे इतकेच, की थोरवीची वाट पाहत बसून वाचनाला सुरुवात होत नाही. वाचनाला सुरुवात झाल्यावर थोरवी दिसू लागते. १९३६ साली प्रभातने 'संत तुकाराम' केला तो तंबूतल्या आणि थिएटरातल्या मराठी माणसासाठी. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला तो नंतर. दामले-फत्तेलाल यांनी 'आता आपल्या माध्यमाची अभिजात कृती काढू' असे ठरवून कॅमेरा लावला असता, तर पाग्निसांचा तो निर्मळ तुकाराम पडद्यावर आला असता काय, याची शंकाच आहे.

आणि वाचायला मराठीकडे शब्द नाहीत, असेही नाही. चित्रपटाच्या प्रत्येक दाखवणीला आपण 'खेळ' म्हणतो : तीनचा खेळ, सहाचा खेळ. नाटकाच्या समीक्षेने 'संहिता' आणि 'प्रयोग' हा भेद कधीच रुजवला आहे. नियम ही संहिता मानली आणि खेळणे हा प्रयोग, तर गेमवर मराठीत नेमके लिहिता येते. डाव, खेळी, भिडू, राज्य, बाद हे शब्द तर अंगणातलेच आहेत. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी रचलेला 'टेट्रिस' आपल्याकडच्या जत्रांत 'ब्रिक गेम' म्हणून विकला गेला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१२ मध्ये तो आपल्या संग्रहात घेतला. जत्रा आणि संग्रहालय यांच्यामधले अंतर ज्या लेखनाने भरून निघावे, ते मराठीत जवळपास झालेच नाही.

अभिजात कृतीच्या अभावापेक्षा खरी चिंता दुसरीच आहे. भारतात सुमारे तेराशे मूकपट निघाले, त्यांतले जेमतेम तीसच्या आसपास शिल्लक आहेत. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी डबे शोधत देश पालथा घातला, म्हणून फाळक्यांचे काही अंश तरी आपण पाहू शकतो. गेमची अवस्था याहून नाजूक आहे. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या अभिजात गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत, असा निष्कर्ष तिथल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये काढला. आपल्याकडे २ सप्टेंबर २०२० रोजी 'पबजी मोबाइल'वर बंदी आली आणि ऑक्टोबरअखेर त्याची सेवा थांबली. २०२१ मध्ये 'बीजीएमआय' हा त्याचा भारतीय अवतार आला, २०२२ मध्ये तो दुकानांतून काढला गेला, २०२३ मध्ये परतला. बंदीच्या राजकीय कारणांची चर्चा इथे करत नाही. परंतु ज्या कृतीचा सर्व्हर बंद होताच तिची एकही पोथी मागे उरत नाही, तिचा 'केन' होणार तरी कसा? २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'राजी : ॲन एन्शंट एपिक' काढला. हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची ही कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून उलगडते. पदार्पणातल्या उत्कृष्ट गेमसाठीच्या आंतरराष्ट्रीय नामांकनापर्यंत तो पोहोचला. पुण्यात घडलेल्या या गेमवर मराठीत गंभीर लेख किती, हे वाचकांनी आपापल्या वाचनातून आठवून पाहावे.

तेव्हा प्रकल्पाला माझी संमती आहे, असे मी त्या विद्यार्थ्याला कळवले. अट एकच घातली. गेम थोर आहे असे सिद्ध करण्याच्या भानगडीत पडू नये. काय घडते ते नीट पाहावे, मुले बोलतात ते बोल जसेच्या तसे उतरवावेत, पाठभेद नोंदवावेत, तारखा आणि गेमची आवृत्ती लिहावी. ज्येष्ठ सहकाऱ्यांचे समाधान झाले असे नाही, पण पाठभेदांच्या अटीवर त्यांनीही मान हलवली. पुढे कधी या माध्यमातली एखादी कृती अभिजात ठरली, तर ती ठरवायला अशा नोंदी लागतील. न ठरली, तरी विसाव्या वर्षी वऱ्हाडातली मुले कशी बोलत होती, एवढे तरी त्या वहीत उरेल.