शेवटचा हात कोणाचा?

आमच्या आजीला अक्षरओळख नाही. पण जात्यावरच्या ओव्या तिला किती येतात याची गणती तिलाही नाही. गावात विजेची गिरणी आल्याला कितीतरी वर्षे झाली. जाते परसात पालथे पडले आहे. ओव्या मात्र आजीच्या तोंडात राहिल्या, आणि आजी आता थकली. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी त्या उतरवून घ्यायचे ठरवले.

वास्तविक वही पुरली असती; परंतु संगणकावर देवनागरी टंकायला मी नुकतीच शिकले होते, आणि नव्या विद्येची हौस वेगळीच असते. भावाच्या संगणकावर ‘विम’ नावाचा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम होता. अक्षरे त्यात जरा दाटीवाटीने बसत, पण माझे काम भागत होते. एका ओळीत एक अख्खी ओवी, असा माझा नेम.

चाळीसेक ओव्या झाल्यावर मी कागद छापून आणले आणि आजीला वाचून दाखवू लागले. चौथ्या ओवीलाच तिने हात वर केला. “तिथं दम घ्यायचा न्हाई गं. जातं थांबंल की!”

पाहते तो काय, ओवीतला भाऊ एकटाच खालच्या ओळीत उभा! लांब ओव्यांचा शेवटचा शब्द कोणीतरी तोडून खाली ढकलला होता, आणि मी मुकाट्याने तिथे थांबत होते.

मी शब्द वर नेले. नवी लांब ओवी लिहिली की पुन्हा तेच. भावाने सांगितले, “टेक्स्टविड्थ शून्य कर.” म्हणजे ओळीच्या रुंदीची मर्यादा काढून टाकायची. केली. त्या दिवशी ओव्या अखंड राहिल्या. दुसऱ्या दिवशी फाईल उघडली, तर मर्यादा परत हजर! मग ती सूचना मी ‘विमआरसी’ या माझ्या सेटिंगच्या फाईलमध्येच लिहून ठेवली. तरीही तेच. गंमत अशी, की नाव न दिलेल्या कोऱ्या पानावर ओळ तुटत नसे. ‘टीएक्सटी’ शेपटाची फाईल उघडली की तुटे. आजीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “भूतबाधा म्हनावी, तर यंत्राला कशी व्हईल?”

चार दिवस असे गेल्यावर भावाने एक युक्ती सांगितली. विमला एखाद्या सेटिंगची किंमत विचारताना आधी ‘व्हर्बोज’ हा शब्द लावायचा. मग तो किंमत तर सांगतोच, शिवाय ती शेवटी कोणत्या फाईलने ठरवली तेही सांगतो. मी विचारले. उत्तर आले : किंमत 78, ठरवणारी फाईल माझी नव्हेच! विमबरोबर येणारी ती एक नमुन्याची फाईल होती, आणि माझ्या फाईलच्या आरंभीच तिला आवतण दिलेले होते. साधा मजकूर असलेली कोणतीही फाईल उघडली, की तिची रुंदी 78 करावी, असे तिने सांगून ठेवले होते. माझे शून्य विम सुरू होतानाच वाचले जाई, आणि फाईल उघडताना तिचे 78 त्याच्यावर बसे. शेवटी बोलेल त्याचे खरे! मग तशीच सूचना, पण शून्याची, मी आवतणाच्या ओळीखाली लिहिली. भूत गेले.

हा 78 आला कुठून? आयबीएमने 1928 मध्ये 80 रकान्यांचे भोके पाडायचे कार्ड काढले. पुढे संगणकांच्या पडद्यांवरही 80 अक्षरांची ओळ रूढ झाली, आणि 78 म्हणजे तिच्यातून दोन घरे सोडलेली. ब्राम मूलेनार या डच गृहस्थांनी 1991 मध्ये विम लोकांच्या हाती दिला. 2023 मध्ये ते वारले. विम फुकट आहे. उघडताच तो युगांडातील गरीब मुलांना मदत करा एवढेच सुचवतो. अशा भल्या माणसावर रागवावे तरी कसे? नमुना कोणाच्या तरी सोयीसाठीच ठेवलेला होता. पण शंभर वर्षांपूर्वीच्या एका कार्डाच्या मापाने माझ्या आजीची ओवी कापली जात होती, हेही खरेच.

खरे सांगायचे तर मला लाज वाटली ती निराळ्याच गोष्टीची. ओळ यंत्राने तोडली. पण तिथे थांबले कोण? लहानपणापासून मी या ओव्या ऐकलेल्या. तरी छापील कागदावर माझा विश्वास आजीच्या श्वासापेक्षा अधिक बसला. ते सेटिंग माझ्यात शेवटी कोणी बसवले, हे सांगणारा ‘व्हर्बोज’ मला अजून सापडलेला नाही.

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री मी सगळ्या ओव्या पुन्हा वाचल्या. आजीने एकदाही अडवले नाही. मध्येच माझी नजर तिच्या उजव्या हाताकडे गेली. मूठ खुंट्याला धरल्यासारखी मिटलेली होती आणि मांडीवर हळूहळू गोल फिरत होती.