खून, सुई आणि दोरा

कालपासून मोनिका फेरिसची ‘क्रूएल वर्ल्ड’ वाचतेय. १९९९ची कादंबरी. अमेरिकेत मिनेसोटातल्या एक्सेलसियर गावात भरतकामाचं दुकान, मालकिणीचा खून, आणि छडा लावायला निघते तिची बहीण बेट्सी, या धंद्यात अगदीच नवखी! खरं सांगायचं तर खुनी कोण, याची मला फारशी उत्सुकता नाही. माझा जीव अडकलाय तो टाके घालत बसलेल्या बायकांच्या गप्पांत. हात गुंतले की जीभ सैल सुटते. पोलिसांना जे कळत नाही ते तिथे सहज बोललं जातं. शेवटी भरतकामाचा नमुनाही छापलाय. अर्लीन फाउलरनं तर आपल्या रहस्यकथांना गोधड्यांच्या नमुन्यांचीच नावं दिली. वाचकाला खुनाबरोबर हाताला कामही मिळतं. या पुस्तकांचा खप उगाच नाही.

पण अशा कितीतरी रहस्यमालिकांत लोकरीच्या जागी लोणची ठेवली तरी काही बिघडणार नाही. डोरोथी सेयर्सच्या ‘द नाइन टेलर्स’ (१९३४) या रहस्यकादंबरीचं तसं नाही. चर्चच्या घंटा क्रम बदलत वाजवण्याची इंग्लंडमधली जुनी कला तिथे कथेच्या हाडामांसात आहे. त्यातली सांकेतिक चिठ्ठीही त्या क्रमानंच उलगडते. घंटा काढा, गोष्टच उरत नाही.

एवढं नाक मुरडून फेरिसबाईंचा पुढचा भाग मागवलाच.