ऐकण्याचे शिक्षण

माझे आजोबा नागपूरहून जबलपूरला आले, तेव्हा ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात होती. 1904 साली सुरू झालेल्या येथील गन कॅरेज फॅक्टरीत त्यांना काम मिळाले आणि पुढे माझे वडीलही तेथेच लागले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, जबलपूर मध्य प्रदेशात राहिले आणि आम्हीही येथेच राहिलो. घरात मराठी, अंगणाबाहेर हिंदी, अशा दोन भाषांत आम्ही भावंडे वाढलो. दोन्ही भाषांत उपदेशाला मात्र तोटा नव्हता. वडील आम्हांला उपदेश करीत, आई करी, शेजारचे काका करीत. मी थोरली असल्याने धाकट्या भावाला उपदेश करण्याचा अधिकार माझ्याकडे आपोआप आला होता.

22 मे 1997 च्या पहाटे चारच्या सुमारास जबलपूरला भूकंपाचा मोठा धक्का बसला. रिश्टर मापनावर त्याची तीव्रता सहाच्या आसपास होती. शहरात आणि भोवतालच्या खेड्यांत कित्येक घरे कोसळली, माणसे दगावली. आमचे घर उभे राहिले. पण मागच्या खोलीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग पडली आणि भाऊ झोपला होता त्या खाटेवर छताचे पोपडे कोसळले. त्याला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. आमच्या गल्लीतील माणसे बरेच दिवस अंगणात झोपली. पावसाळा आला, तेव्हा सगळे आपापल्या खोल्यांत परतले. भेग सिमेंटने बुजवली गेली. भूकंपाचा विषय आमच्यापुरता संपला.

भाऊ त्या वर्षी दहावीत गेला. अभ्यासाला बसण्याची वेळ झाली की तो घरातून नाहीसा होई. कधी कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी, कधी रस्त्याच्या कडेला, तर कधी नुसताच ओट्यावर बसून राही. रात्री उशिरापर्यंत तो आत येत नसे. वडिलांनी त्याला उनाड ठरवले. मी तेव्हा बी.ए.च्या वर्गात होते. रोज रात्री त्याला समोर बसवून मी परीक्षेचे महत्त्व सांगत असे. वडिलांचे कष्ट, आईची काळजी, चांगल्या मुलांची उदाहरणे, सारे काही मी सांगितले. तो मान खाली घालून ऐकत असे आणि संधी मिळताच बाहेर निघून जाई. 1998 च्या परीक्षेत तो तीन विषयांत नापास झाला. त्यानंतर तो नागपूरला मामांकडे गेला आणि एका मोटार दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला. माझ्याशी त्याचे बोलणे खुशालीपुरते उरले.

मी पुढे शिक्षिका झाले. मुले अडचणी घेऊन माझ्याकडे येत. मी त्यांना मनापासून सल्ला देत असे. ती माझे ऐकून घेत, मान डोलावत आणि पुन्हा येत नसत. हे असे का होते, हा प्रश्न मला छळू लागला. अखेर 2012 साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, मी इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या मानसशास्त्रातील एम.ए.साठी प्रवेश घेतला. या विद्यापीठाचे प्रादेशिक केंद्र जबलपूरला असल्यामुळे नोकरी आणि घर सांभाळून शिकणे मला शक्य झाले. पहाटे चारला उठून मी वाचत असे. माझा मुलगा त्या वेळी सातवीत होता. आईलाही परीक्षा असते, याची त्याला मोठी मौज वाटे.

पहिल्या वर्षी मला या शास्त्राची ओळख झाली. आपल्या देशात मानसशास्त्राचे स्वतंत्र अध्यापन कोलकाता विद्यापीठात 1916 साली सुरू झाले. तरुणांना व्यवसाय निवडण्यास मदत करणारे केंद्र फ्रँक पार्सन्स यांनी अमेरिकेतील बोस्टन शहरात 1908 साली उघडले होते. पुढे कार्ल रॉजर्स यांनी समुपदेशनाचा रोखच बदलला. आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची क्षमता माणसात असते. तिला वाव मिळेल असे नाते निर्माण करणे हे समुपदेशकाचे काम आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. समोरच्याला समजून घेणारी समानुभूती, त्याचा विनाअट स्वीकार आणि स्वतःच्या वागण्यातील खरेपणा, या तीन गोष्टी त्यांनी आवश्यक मानल्या.

मी त्या पाठ केल्या. परीक्षेत त्यांवर चांगले गुणही मिळवले. दुसऱ्या वर्षी समुपदेशन हा विशेष विषय घेतल्यावर मात्र माझी खरी परीक्षा झाली. सरावासाठी एका सहाध्यायिनीशी वीस मिनिटे संभाषण करायचे, ते ध्वनिमुद्रित करायचे आणि मग शब्द न् शब्द लिहून काढायचे, असे मार्गदर्शक बाईंनी सांगितले होते. मी वही त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी काही न बोलता माझ्या वाक्यांखाली लाल रेघा ओढल्या. पाने लाल झाली. वीस मिनिटांपैकी चौदा मिनिटे मीच बोलत होते! पाच ठिकाणी मी तिचे वाक्य अर्ध्यावर तोडले होते. बाई एवढेच म्हणाल्या, "तुमचा सल्ला चांगलाच आहे, पण तिचा प्रश्न कोणता, ते या वहीत कुठेच नाही."

मराठीत आपण 'समुपदेशन' म्हणतो. त्या शब्दाच्या पोटातच 'उपदेश' आहे. हिंदीत 'परामर्श' म्हणतात. जबलपूरला शिक्षकांना या कामाचे प्रशिक्षण देणारे एक शासकीय महाविद्यालय आहे. त्याच्या नावात 'संदर्शन' असा शब्द आहे. नीट पाहणे, असा त्याचा अर्थ मी माझ्यापुरता घेतला. तेव्हापासून मी न बोलण्याचा सराव करू लागले. "तू अभ्यास का करत नाहीस?" या प्रश्नात आरोप असतो, "अभ्यासाला बसल्यावर काय होतं?" या प्रश्नात जागा असते. समोरचा थांबला की आपणही थांबायचे. त्याने सांगितलेले गुपित ठेवायचे. मात्र कोणाच्या जिवाला धोका दिसला, तर ते गुपित राहू शकत नाही, हेही त्याला आधीच सांगायचे. आणि दुखणे आपल्या आवाक्याबाहेरचे असेल, तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवण्यात कमीपणा मानायचा नाही.

याच वर्षी आपत्तीनंतरच्या मानसिक आघातावरील प्रकरण मी वाचत होते. झोप उडणे, एकाग्रता ढळणे, घटनेची आठवण करून देणाऱ्या जागा टाळणे, अशी लक्षणे तेथे ओळीने दिली होती. मी वाचता वाचता थांबले. मला आमचा ओटा दिसला आणि त्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलेला भाऊ दिसला.

त्या दिवाळीला तो जबलपूरला आला. जेवणे झाल्यावर आम्ही दोघेच अंगणात बसलो. मी विचारले, "भूकंपानंतर मागच्या खोलीत गेल्यावर तुला काय वाटायचं?" तो बराच वेळ गप्प राहिला. जुनी सवय माझ्या जिभेवर येत होती. पण मी तिला आवरले. मग तो म्हणाला, "छत खाली येईल असं वाटायचं, ताई. पुस्तकाकडे बघायचो आणि कान वरच असायचे. बाहेर आलो की मग श्वास लागायचा."

"मला का नाही सांगितलंस?"

"पंधरा वर्षांचा घोडा छताला भितो, हे कुणाला सांगणार? आणि तू तर मला रोज सगळं सांगत होतीस. विचारलं मात्र कधीच नाहीस."

त्याच्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले. मी त्याची क्षमा मागितली. त्याने हसून विषय बदलला आणि माझ्या स्कूटरच्या ब्रेकची चौकशी केली. गेलेली वर्षे या बोलण्याने परत आली नाहीत. त्याचे आज नागपुरात स्वतःचे दुकान आहे. पण अजूनही तो दाराजवळच्याच खाटेवर झोपतो. मात्र त्या दिवाळीनंतर तो मला स्वतःहून फोन करू लागला.

आता मी एका शाळेत समुपदेशक म्हणून काम करते. हे शिक्षण कसे घ्यावे, असे अनेकजण विचारतात. मी ज्या मार्गाने आले, तो आज नव्या विद्यार्थ्यांना खुला नाही. जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्र हा विषय दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकवणे थांबवले आहे. हा विषय केवळ पुस्तकांतून येत नाही, हे लाल रेघांनी मला शिकवलेच होते. म्हणून या निर्णयामागील भूमिका मला पटते. तरीही पहाटे चारला उठून वाचणाऱ्या एखाद्या आईची आठवण होऊन मन अस्वस्थ होते. तिला आता वर्गात येण्यासाठी सवड आणि साहाय्य दोन्ही मिळायला हवे.

परवा दहावीतला एक मुलगा माझ्या खोलीत आला. वर्गशिक्षकांनी त्याला 'समजावून सांगा' अशा चिठ्ठीसह पाठवले होते. मी चिठ्ठी घडी घालून बाजूला ठेवली. त्याला पाण्याचा पेला दिला आणि खुर्ची खिडकीशी ओढून घे म्हटले. त्याने खुर्ची ओढली. भिंतीवरचे घड्याळ टिकटिकत होते. सातेक मिनिटे आम्ही दोघेही काही बोललो नाही. मग तो बोलू लागला.