घाटकोपरहून आझाद नगरला, ठोसा चुकवायला

रविवारी सकाळी सव्वासातला घाटकोपर स्टेशनच्या पुलावर गर्दी नसते असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा येऊन पाहावे. मध्य रेल्वेच्या फलाटावरून वर आलेली माणसे मेट्रोच्या दिशेने जातात, मेट्रोतून उतरलेली फलाटाकडे धावतात आणि मधल्या चिंचोळ्या जागेत दोन्ही लोंढे एकमेकांत घुसतात. आम्ही दोघी, घाटकोपरच्या एका उर्दू शाळेतल्या शिक्षिका, गेल्या जानेवारीपासून याच पुलावरून दर रविवारी सात मुलींना अंधेरीला घेऊन जातो. मुली आठवी-नववीच्या. फजरनंतर थोडा नाश्ता करून निघतात, पाठीवर दप्तराऐवजी कापडी पिशवी. पिशवीत पाण्याची बाटली, टॉवेल आणि हाताला गुंडाळायच्या लांब पट्ट्या.

त्या बॉक्सिंग शिकायला जातात.

घाटकोपरमध्ये असे वर्ग नव्हते असे नाही. होते, पण ते मुलांचे होते, किंवा त्यांची वेळ मगरीबच्या आसपासची होती. त्या वेळी मुलीला बाहेर पाठवायला कुठलेही घर तयार होईना, आणि त्यात घरच्यांचे काही चुकत होते असे आम्हांला वाटत नाही. स्त्री प्रशिक्षक, फक्त मुलींची तुकडी आणि सकाळची वेळ, या तिन्ही गोष्टी एकत्र सापडल्या त्या अंधेरी पश्चिमेला, आझाद नगर स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

मेट्रो नसती तर हे जमले नसते. ८ जून २०१४ ला सुरू झालेली ही मुंबईची पहिली मेट्रो. वर्सोवा ते घाटकोपर साडेअकरा किलोमीटरही भरत नाही. त्याआधी अंधेरीला जायचे म्हणजे ३४० नंबरची बस आणि साकीनाक्याची कोंडी. बसमध्ये बसून अंधेरी येईपर्यंत माणूस दोनदा पेंगून जागा व्हायचा. आता घाटकोपरपासून मोजले तर आझाद नगर दहावे स्थानक. असल्फा आले की खिडकीतून डोंगरावरची रंगीत घरे दिसतात. गाडीतल्या एका मुलीची खाला तिथेच राहते, त्यामुळे दर वेळी बोट दाखवून तेच घर पुन्हा सांगितले जाते. साकीनाका, मरोळ नाका येईपर्यंत कारखान्यांचे पत्रे, गोदामे, मशिदीचे मिनार, मग विमानतळाकडे जाणारे रस्ते आणि काचेच्या इमारती. एका तिकिटात उपनगराचे दोन्ही चेहरे दिसतात.

मुंबईला ठोशांचे वेड नवे नाही. आपल्या देशात या खेळाची पहिली संघटना १९२५ मध्ये याच शहरात उभी राहिली, बॉम्बे प्रेसिडेन्सी अमॅच्युअर बॉक्सिंग फेडरेशन. पहिली राष्ट्रीय स्पर्धाही १९५० मध्ये इथल्याच ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाली. पण ते सगळे चर्चगेटच्या बाजूचे वैभव. आमच्या मुली जिथे शिकतात ती जागा म्हणजे एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावरची लांबट खोली: दोन पंखे, रबरी चटया, छताला टांगलेल्या तीन जाड बॅगा, आणि भिंतीतल्या हुकापासून खिडकीच्या गजापर्यंत खांद्याच्या उंचीवर ताणून बांधलेली एक नायलॉनची दोरी. त्या दोरीवर कपडे वाळत घालत असतील असे आम्हांला पहिल्या दिवशी वाटले. तसे नव्हते. पहिले दोन महिने मुली त्या दोरीशीच खेळल्या.

मुलींचा चांगलाच हिरमोड झाला होता. त्या आल्या होत्या ठोसे मारायला. शिकवणाऱ्या दीदी मात्र म्हणाल्या, "मारणं दोन आठवड्यांत येतं. चुकवणं यायला वर्ष जातं. म्हणून आधी चुकवणं."

आमची समजूत होती की ठोसा चुकवणे म्हणजे मान झटकणे. मान फारशी हलतच नाही. हलतात ते गुडघे, कंबर आणि खांदे. डोके त्यांच्यावर बसून जाते, पालखीत बसल्यासारखे. उभे राहण्यापासूनच सुरुवात होते: डावा पाय पुढे, उजवा मागे, गुडघे सैल, हनुवटी खाली, दोन्ही मुठी गालांजवळ. समोरच्याचा डावा हात सरळ आला की आपला डावा खांदा किंचित आत वळवायचा आणि वजन उजव्या पायावर घ्यायचे. डोके आपसूक उजवीकडे सरकते आणि ठोसा कानाजवळून निघून जातो. डोके सरकायचे ते चार बोटे, त्याहून जास्त नाही. जो हातभर बाजूला उडी मारतो तो वाचतो खरा, पण पुढच्या ठोशाच्या वेळी त्याचा तोल गेलेला असतो.

दोरीचे काम वेगळे. दोरीच्या एका बाजूला उभे राहायचे, गुडघ्यांत बसून तिच्याखालून दुसऱ्या बाजूला निघायचे, पुन्हा परत, आणि असे करत एकेक पाऊल पुढे सरकायचे. यात सगळ्या नव्या मुली एकच गोष्ट करतात, कमरेतून वाकतात. कमरेतून वाकले की जमीन दिसते आणि समोरचा माणूस दिसेनासा होतो. गुडघ्यांतून बसले तर पाठ सरळ राहते, नजर समोर राहते. शिवाय स्पर्धेत समोरच्याच्या कमरपट्ट्याखाली डोके नेणे नियमबाह्यच आहे. रुकूची सवय असलेल्या मुलींना पाठ सांभाळणे सोपे जाईल असा आमचा अंदाज होता. उलटेच झाले, त्या सवयीने कमरेतूनच वाकत होत्या.

मग आला मोजा. एका मोज्यात तांदूळ भरून, गाठ मारून तो कपाळाच्या उंचीवर टांगायचा, ढकलायचा आणि तो झोके घेत परत आला की डोके बाजूला करायचे. पण तांदूळ पाहून एका मुलीच्या नानी रागावल्या. अन्न डोक्यावर आपटून घेण्याची वस्तू आहे का? पुढच्या रविवारी त्यांनीच चिंचोके भरलेला मोजा शिवून पाठवला. तो तांदळाच्या मोज्याहून जास्त वाजतो आणि लागला तर जास्त लागतो. आता वर्गात तोच वापरतात.

याशिवाय तळहाताने ठोसा किंचित वळवणे आहे, माशी बाजूला करावी इतक्याच जोराने. कोपर खाली घेऊन बरगड्या झाकणे आहे. अर्धे पाऊल मागे जाऊन समोरच्याचा हात हवेत पडू देणे आहे, आणि दीदींच्या मते हेच सगळ्यांत उत्तम, कारण पाय वेळेवर हलले तर डोक्याला काही करावेच लागत नाही. मात्र एकाच बाजूला दोनदा चुकवायचे नाही; तिसऱ्यांदा समोरचा तिथेच वाट पाहत असतो. आपल्या मराठीत या सगळ्यासाठी फार छान शब्द आहेत. कबड्डीतली हूल, लपंडावातली हुलकावणी, वाटेतल्या भांडणाला द्यायची बगल. मुलींना इंग्रजी नावे पाठ होईनात तेव्हा आम्ही हे शब्द फळ्यावर लिहून दिले. 'हुलकावणी' त्यांना इतका आवडला की मेट्रोत एकमेकींना तोच करून दाखवत असतात.

पण या वर्गातला सगळ्यांत अवघड धडा पायांचा नाही, पापण्यांचा आहे. चेहऱ्याकडे हात आला की डोळे मिटतात. हे शरीर आपोआप करते. आणि डोळे मिटले की खांदे वर येतात, श्वास अडकतो, पाय जमिनीला चिकटतात. म्हणून दीदी मऊ गादीसारखा पॅड हळूच कपाळाकडे आणतात, स्पर्शही करत नाहीत, आणि मुलीने फक्त बघत राहायचे. माझ्या हाताकडे नको, छातीकडे बघ, म्हणतात. हात हलण्याआधी खांदा हलतो. पंधरा-वीस दिवसांत बहुतेक मुलींचे डोळे उघडे राहू लागले.

एका मुलीचे राहिनात. ती चपळ होती, दोरीखालून सगळ्यांत नीट जायची. पण दीदींनी पॅड उचललाच की तिचे डोळे मिटायचे, मान खांद्यात जायची आणि डावा हात कानावर यायचा. कानावरच. एका रविवारी दीदी आम्हांला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "ही कुठून तरी शिकून आली आहे." आम्हांला समजले. वर्गात फळ्यावर लिहायला हात वर केला तरी पहिल्या बाकावरची ही मुलगी अशीच आकसते, हे आम्ही दोघींनीही पाहिले होते. शाळेत मुलांना मारायला कायद्याने बंदी आहे. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. घराच्या दारावर असे कलम लावता येत नाही. पण घरापर्यंत जाता येते. आम्ही गेलो, चहा घेतला, तिच्या आईशी बराच वेळ बोललो, नंतर तिच्या मामूंनाही बोलावून घेतले. त्या बोलण्यातले काही इथे लिहिणार नाही. ती मुलगी येते आहे आणि घरात तिच्या बाजूने बोलणारे आता दोघे आहेत, इतके पुरे.

म्हणूनच 'मुलींना बॉक्सिंग शिकवा, त्या सुरक्षित होतील' असे कोणी छातीठोकपणे सांगितले की आम्हांला चीड येते. तीन मिनिटांची फेरी, पंच आणि घंटा रस्त्यावर नसतात, घरात तर नसतातच. चुकवायला शिकलेली मुलगी संकट लवकर ओळखते, दचकून जागच्या जागी गोठत नाही, निघून जाते. हे खरे आहे आणि पुष्कळ आहे. मारणाऱ्याचा हात थांबवणे हे मात्र मोठ्या माणसांचे काम आहे, तेरा वर्षांच्या मुलीचे नव्हे.

पालकांच्या सभेत खरा प्रश्न वेगळाच निघाला. एका मुलीचे दादा, वयस्क, नेमाने नमाज पढणारे गृहस्थ, उभे राहून म्हणाले, "टीचर, चेहऱ्यावर मारायला आपल्याकडे मनाई आहे. मग हा खेळ आमच्या नातीनं का खेळावा?" त्यांचे म्हणणे हवेतले नव्हते. भांडणातसुद्धा चेहरा टाळावा या आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. राबिता आलमे इस्लामीच्या फिकह परिषदेने मक्केत १९८७ मध्ये बॉक्सिंगला नाजायज ठरवले, तेही प्रतिस्पर्ध्याच्या शरीराला इजा करणे हाच या खेळाचा हेतू असतो या कारणाने. डॉक्टरांची काळजीही त्याच दिशेची आहे. डोक्याचे हेल्मेट कातडी फाटू देत नाही, पण कवटीच्या आत मेंदू हिसका खातो तो त्याने थांबत नाही. मुहंमद अली तरुणपणी हात खाली सोडून नुसते मागे झुकत आणि ठोसे त्यांच्या नाकासमोर संपत. पुढे पाय मंदावले तसे ते मार सोसून जिंकू लागले. १९७४ मध्ये किन्शासात दोरांना टेकून फोरमनचे ठोसे अंगावर घेतले आणि आठव्या फेरीत त्याला पाडले. जग आजही त्या युक्तीचे कौतुक करते. १९८४ मध्ये त्यांना पार्किन्सनचे निदान झाले.

दादांना आम्ही फतवा देऊ शकत नाही, तो आमचा अधिकार नाही. वर्गात काय चालते ते दीदींनीच येऊन सांगितले. आमच्या तुकडीत चेहऱ्यावर ठोसा नाही. ठोसे बॅगेवर आणि पॅडवर. दोघी समोरासमोर उभ्या राहतात तेव्हा खांद्यावर किंवा पोटावर फक्त टपली, आणि ज्या मुलीला कमी टपल्या बसतील ती जिंकली. ही काही मुलींसाठी काढलेली पळवाट नाही. इंग्लंडमधल्या शेफील्डला ब्रेंडन इंगल नावाचे आयरिश प्रशिक्षक होते. त्यांच्या व्यायामशाळेत जमिनीवर रेघा आखलेल्या असत, मुले त्यांवर पाय टाकायला शिकत, आणि सरावात डोक्यावर मारणे वर्ज्य असे. येमेनी आईबापांचा नसीम हमीद सात वर्षांचा असताना तिथे गेला आणि १९९५ मध्ये जगज्जेता झाला. चुकवण्यातच त्याची सारी ऐट होती.

मुलींच्या तोंडी मात्र नाव असते निखत जरीनचे. निजामाबादची ही मुलगी २०२२ मध्ये इस्तंबूलला आणि २०२३ मध्ये दिल्लीला जगज्जेती झाली. तिचा डोळा काळानिळा झालेला पाहून, आता हिच्याशी लग्न कोण करणार, म्हणून तिची आई रडली होती, हा किस्सा तिने स्वतःच मुलाखतींत सांगितला आहे. आमच्या मुलींना तो पाठ आहे आणि त्या तो घरी मुद्दाम ऐकवतात. त्यांच्यापैकी कोणी स्पर्धेत उतरायचे म्हटले, तर चेहऱ्याचा प्रश्न पुन्हा पुढे येईल. तेव्हा तो घराने बसून सोडवायचा आहे. आम्ही मत देऊ, निर्णय देणार नाही.

दादांनी नातीला पाठवणे बंद केले नाही. मात्र अट घातली की एकदा स्वतः पाहणार. ते आले, दारातल्या खुर्चीवर तासभर बसले, निघताना दीदींना दुआ दिली आणि इतकेच म्हणाले की दोरी थोडी खाली बांधा, मुली फार कमी वाकतात.

जूनमध्ये दहावीच्या क्लासमुळे दोघी थांबल्या, नव्या तिघी आल्या. त्यांपैकी एकीने घरीच सराव सुरू केला आहे. दहा बाय बाराच्या खोलीत, कपाटाच्या कडीपासून खिडकीच्या गजापर्यंत दोरी बांधली आहे. सकाळी अर्धा तास ती दोरी तिची. त्यानंतर अम्मी तिच्यावर सगळ्यांचे कपडे वाळत घालते.